फायब्रिनोजेन आणि हृदयविकार

फायब्रिनोजेन : यकृतात तयार होणारे, रक्तद्रवात विरघळलेले प्रथिन. रक्त गोठवणाऱ्या घटकांत याचा क्रमांक पहिला. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या डेसिलिटरभर रक्तद्रवात ते साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम असते. थ्रॉम्बिन हे एंझाइम त्याची टोके छाटते. उरलेले रेणू जुळून फायब्रिनचे तंतू होतात आणि तेरावा घटक ते पक्के सांधतो.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील मेदाचा थर फुटला, की त्याच जागी गुठळी धरते. प्लेटलेट एकमेकींना जोडण्याचे आणि त्यांभोवती जाळे विणण्याचे, अशी दोन्ही कामे तेथे फायब्रिनोजेनच करते. धमनी पुरती बंद झाली, की झटका येतो.

रक्तात हे प्रथिन जास्त असणे हेच रोगाचे कारण आहे काय, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. लंडनच्या नॉर्थविक पार्क येथील पाहणीत टॉम मीड व सहकाऱ्यांना 1986 मध्ये असे दिसले, की पुढे हृदयविकाराने दगावलेल्या पुरुषांच्या रक्तात फायब्रिनोजेन आणि सातवा घटक आधीपासूनच अधिक होते. 2005 मध्ये 31 अभ्यासांतील दीड लाखांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. लिटरमागे एक ग्रॅम वाढीला हृदयविकाराचा धोका सुमारे 1.8 पट आढळला, तोही इतर ज्ञात कारणे हिशेबात धरल्यानंतर.

तरीही यावरून कारण सिद्ध होत नाही. धूम्रपान, स्थूलता, मधुमेह, शरीरातील कोणताही दाह यांनी फायब्रिनोजेन वाढतेच. जन्मतः ते जास्त ठेवणारी जनुके असलेल्यांत हृदयविकार त्या प्रमाणात वाढलेला दिसला नाही. बेझाफायब्रेट या औषधाने ते उतरवून पाहिले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत झटके आणि पक्षाघात मिळून घटले नाहीत. ही चाचणी मीड यांचीच होती, हे विशेष.

तयार झालेल्या फायब्रिनवर घाव घालणे मात्र फळले. 1988 च्या आयसिस-2 चाचणीत 17,187 रुग्ण होते. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन एकत्र दिल्यावर पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू 42 टक्क्यांनी कमी झाले. रक्तस्राव हा या उपचाराचा मुख्य धोका.

तपासणीच्या पॅकेजमध्ये फायब्रिनोजेनचा आकडा थोडा वाढलेला आला, तर केवळ तो उतरवण्यासाठी औषध घेण्याला आज आधार नाही. विडी-सिगारेट सोडल्याने तो उतरतो आणि धोकाही घटतो.