संकेतपान-स्वाध्यायाचे ऑनलाइन सादरीकरण

विद्यार्थ्याने स्वतः रचलेले संकेतपान, म्हणजेच वेबपेज, अभ्यासक्रमातील स्वाध्याय म्हणून अध्ययन व्यवस्थापन प्रणालीमार्फत शिक्षकांकडे सुपूर्द करण्याच्या प्रक्रियेला संकेतपान-स्वाध्यायाचे ऑनलाइन सादरीकरण असे म्हणतात. निबंधासारखा स्वाध्याय सहसा एकाच संचिकेत मावतो. संकेतपान मात्र दुव्यांनी परस्परांशी जोडलेल्या अनेक संचिकांचे मिळून बनलेले असते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या संगणकावर निर्दोष दिसणारे पान शिक्षकांच्या संगणकावर चित्रांविना, रंगरचनेविना किंवा अवाचनीय अक्षरांत उघडण्याचा संभव असतो. अशा वेळी गुण कमी होतात ते ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर पाठवणीतील त्रुटीमुळे. प्रस्तुत लेखात ही प्रक्रिया मुख्यतः मूडल या प्रणालीच्या आधारे वर्णिली आहे.

पार्श्वभूमी

संकेतपाने ज्या भाषेत लिहिली जातात ती एचटीएमएल ही चिन्हांकन भाषा टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत विकसित केली. जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. एचटीएमएल ५ या आवृत्तीला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये शिफारस-दर्जा दिला.

मूडल ही मुक्तस्रोत प्रणाली ऑस्ट्रेलियातील संगणकतज्ज्ञ मार्टिन डूजियामास यांनी निर्माण केली. त्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात गेले व आरंभीचे शिक्षण रेडिओवरून चालणाऱ्या दूरस्थ शाळेत झाले. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात काम करीत असताना त्यांनी या प्रणालीचा पाया घातला. तिची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. मूडल पीएचपी या भाषेत लिहिलेली असून जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यातील स्वाध्याय हा विभाग २०१२ मध्ये नव्याने लिहिण्यात आला.

संकेतपानाचे घटक

विद्यार्थ्याने तयार केलेल्या साध्या संकेतपानात पुढील घटक आढळतात.

* मूळ संचिका : पानाचा मजकूर व त्याची रचना सांगणारी एचटीएमएल संचिका. मुख्य पानास इंडेक्स हे नाव देण्याचा प्रघात आहे.
* शैली संचिका : रंग, अक्षरांचा आकार व मांडणी ठरवणारी सीएसएस संचिका.
* चित्रे व ध्वनी : यांच्या संचिका स्वतंत्र असतात. मूळ संचिकेत त्यांचा केवळ पत्ता असतो.
* आज्ञावली : पानाला हालचाल व प्रतिसाद देणारी जावास्क्रिप्ट संचिका. ही प्रत्येक पानास असतेच असे नाही.

चित्र पानावर दिसत असले तरी ते मूळ संचिकेत साठवलेले नसते, ही बाब नवशिक्या विद्यार्थ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वर्ड प्रोसेसरमध्ये घातलेले चित्र दस्तऐवजाचाच भाग बनते. तीच अपेक्षा संकेतपानाबाबत बाळगल्यास एकटी एचटीएमएल संचिका पाठवली जाते आणि चित्रे विद्यार्थ्याच्या संगणकावरच राहून जातात.

सादरीकरणाची पद्धत

मूडलमध्ये शिक्षक स्वाध्याय तयार करताना संचिकांची कमाल संख्या, त्यांचा कमाल आकार व स्वीकारार्ह प्रकार ठरवू शकतात. आकाराची मर्यादा सर्व्हर, संकेतस्थळ, अभ्यासक्रम व स्वाध्याय अशा विविध स्तरांवर लागू होते आणि त्यांतील सर्वांत लहान मर्यादा प्रत्यक्षात अमलात येते.

संकेतपान पाठवण्याचा सर्वाधिक सुरक्षित मार्ग म्हणजे सर्व घटक एका फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरची एकच झिप संचिका करणे. याचे कारण मूडलच्या कार्यपद्धतीत आहे. शिक्षक सर्व विद्यार्थ्यांचे स्वाध्याय एकत्र उतरवून घेतात तेव्हा प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर करण्याचा पर्याय निवडलेला नसल्यास प्रणाली प्रत्येक संचिकेच्या नावाआधी विद्यार्थ्याचे नाव जोडते. संचिका सुट्या पाठवलेल्या असल्यास त्यांची नावे अशा रीतीने बदलतात व मूळ संचिकेतील दुवे निकामी ठरतात. झिपच्या आतील नावे मात्र अबाधित राहतात.

संचिका चढवल्यानंतरचा टप्पाही महत्त्वाचा आहे. शिक्षकांनी सादर करण्याची कळ अनिवार्य केली असल्यास ती दाबेपर्यंत स्वाध्याय केवळ मसुदा या अवस्थेत राहतो. कळ दाबल्यावर विद्यार्थ्याला त्यात बदल करता येत नाही.

मुदतीच्या दोन तारखा ठेवता येतात. देय तारखेनंतर आलेला स्वाध्याय स्वीकारला जातो, परंतु त्यावर विलंबाची नोंद होते. अंतिम तारखेनंतर मात्र शिक्षकांनी मुदतवाढ दिल्याखेरीज स्वाध्याय स्वीकारला जात नाही.

नेहमीच्या त्रुटी

* स्थानिक पत्ता : चित्राचा पत्ता विद्यार्थ्याच्या संगणकावरील ड्राइव्हपासून लिहिलेला असल्यास तो अन्य संगणकावर लागू पडत नाही. पत्ता मूळ संचिकेच्या स्थानाच्या सापेक्ष असावा लागतो.
* लहान-मोठी अक्षरे : विंडोज प्रणाली संचिकेच्या नावातील लहान व मोठ्या रोमन अक्षरांत सहसा भेद करीत नाही, लिनक्स करते. त्यामुळे विंडोजवर चालणारा दुवा लिनक्सवर तुटतो.
* दुहेरी एक्सटेन्शन : नोटपॅडमध्ये लिहिलेल्या संचिकेच्या नावामागे नकळत टीएक्सटी हे एक्सटेन्शन लागते. विंडोज ज्ञात एक्सटेन्शन लपवत असल्याने ते दिसत नाही आणि न्याहाळक पानाऐवजी नुसती संकेतावली दाखवतो.
* न सोडवलेला झिप : झिप न सोडवता त्यातील पान थेट उघडल्यास विंडोजमध्ये ती एकच संचिका तात्पुरत्या जागी काढली जाते आणि चित्रे व शैली गायब होतात. ही त्रुटी विद्यार्थ्याची नसून पाहणाऱ्याची असते.

सादर करण्यापूर्वी झिप संचिका दुसऱ्या संगणकावर नेऊन, पूर्णपणे सोडवून, पान उघडून पाहिल्यास यांपैकी बहुतेक त्रुटी वेळीच उघडकीस येतात. दुसरा संगणक उपलब्ध नसल्यास मूळ फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून झिप अन्य ठिकाणी सोडवावी. दुवे जुन्या जागेवर अवलंबून असतील तर ते लगेच तुटलेले दिसतात.

देवनागरी मजकूर

मराठी संकेतपानाच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. देवनागरी लिपी १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये समाविष्ट आहे. तिच्या मुख्य विभागात १२८ संकेतस्थाने आहेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून संचिका यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत जतन केली व तशी घोषणा पानाच्या शीर्षभागात केली, तर तो कोणत्याही आधुनिक न्याहाळकात वाचता येतो. घोषणा नसल्यास जोडाक्षरांच्या जागी असंबद्ध चिन्हे उमटण्याची शक्यता असते. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील नोटपॅडमध्ये संचिका आपोआप एएनएसआय पद्धतीत जतन होत असे. सूचनेकडे दुर्लक्ष केल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येत आणि मूळ मजकूर त्या संचिकेतून परत मिळवता येत नसे.

युनिकोडपूर्व काळातील टंकांत केलेले लेखन हा निराळा प्रश्न आहे. अशा टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात. तो टंक शिक्षकांच्या संगणकावर नसल्यास पानावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता

मूडलमध्ये विद्यार्थ्याने सादर केलेली एचटीएमएल संचिका प्रणालीच्या आतच पान म्हणून उघडत नाही. ती उतरवून घ्यावी लागते. पुष्कळांना हा दोष वाटतो, परंतु ही योजना हेतुपुरस्सर आहे. पानातील जावास्क्रिप्ट प्रणालीच्या आत चालू दिल्यास ती पाहणाऱ्या शिक्षकांच्या अधिकारांचा गैरवापर करू शकेल, उदाहरणार्थ गुण बदलू शकेल. याच कारणास्तव ऑनलाइन मजकुराच्या चौकटीत संकेतावली चिकटवून पाठवण्याचा मार्गही अयोग्य ठरतो, कारण तेथील मजकूर दाखवताना त्यातील आज्ञावली गाळली जाते.

दुव्याच्या रूपाने सादरीकरण

संचिकांऐवजी प्रकाशित पानाचा दुवा पाठवण्याची पद्धतही रूढ आहे. कॅनव्हास या प्रणालीत त्यासाठी स्वतंत्र पर्याय असून सादर केलेल्या पानाचे छायाचित्र प्रणाली टिपून ठेवते. दुव्यामुळे चित्रे हरवण्याचा प्रश्न बव्हंशी सुटतो, परंतु मुदत संपल्यानंतरही विद्यार्थी पानात बदल करू शकतो. पान साठवणारी सेवा बंद पडल्यास दुवाही निरुपयोगी होतो. गूगल ड्राइव्हवरून संकेतपाने प्रकाशित करण्याची सुविधा ऑगस्ट २०१६ मध्ये बंद झाली, हे त्याचे एक उदाहरण. म्हणून दुवा व झिप संचिका अशी दोन्ही मागणे मूल्यमापनाच्या दृष्टीने अधिक विश्वसनीय ठरते.

मूल्यमापन

मूडलमध्ये निकषसारणीच्या साहाय्याने रचना, मजकूर, दुवे व शैली यांना स्वतंत्र गुण देता येतात. पान न उघडणे हा निकष वेगळा ठेवल्यास पाठवणीतील त्रुटीमुळे संपूर्ण स्वाध्यायास शून्य गुण देण्याची वेळ येत नाही. संकेतावलीची शुद्धता वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमच्या तपासणी सेवेद्वारे पडताळता येते. मात्र शुद्ध संकेतावली म्हणजे वाचनीय पान नव्हे, ते पारखण्याचे काम शिक्षकांकडेच राहते.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावरील माहिती तंत्रज्ञान या विषयात संकेतपान-रचनेचा समावेश आहे. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मूडलचा वापर होतो. तेथेच चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने मूडलवरील पाठमालिका तयार केली आहे.

हे सुद्धा पहा

* एचटीएमएल
* मूडल
* युनिकोड
* दूरस्थ शिक्षण