विहिरीवरचा पंप आणि हवेचा समुद्र

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की काठावर बसवलेला पंप पाणी ओढेनासा होतो. मोटर फिरते, पण पाणी येत नाही. अशा वेळी कोणी जास्त अश्वशक्तीची मोटर घेण्याचा सल्ला देतो. जाणकार मिस्त्री मात्र विहिरीच्या आत ओटा बांधून पंपच खाली उतरवतो. मोटेला अशी अडचण कधी आली नाही. बैलांचा जोर आणि दोराची लांबी पुरली की कितीही खोलवरचे पाणी वर येई. मग पंपालाच ही मर्यादा का? या प्रश्नातून विज्ञानाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण घडले आहे.

नळीतील दट्ट्या वर ओढला की त्यामागे पाणी चढते, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. निसर्गाला पोकळी खपत नाही, म्हणून पाणी ती भरून काढायला धावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. ते खरे असेल तर पाणी कितीही उंच चढायला हवे. पण १६३० साली जिनोव्हा येथील बॅलियानी याने गॅलिलिओला पत्र लिहून कळवले, की टेकडीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठी बसवलेली वक्रनलिका चालतच नाही. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने अशाच एका पंपाची हकिगत दिली आहे. त्यातला कारागीर सांगतो, की दोष पंपाचा नाही. अठरा हातांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेदहा मीटरपेक्षा, जास्त उंच पाणी असे चढतच नाही. लांब दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटत असावा, असे गॅलिलिओला वाटले. कारागिराचे निरीक्षण अचूक होते, गॅलिलिओचे स्पष्टीकरण मात्र चुकले.

बॅलियानीला हवेच्या वजनाची शंका आली होती. टॉरिसेलीने १६४४ साली ती कल्पना पक्की मांडली. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेचा भार बाहेरच्या पाण्यावर पडतो, म्हणून नळीतले पाणी वर ढकलले जाते. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड आहे. म्हणजे हवा पाऱ्याला तितक्याच पटीने कमी, सुमारे ७६ सेंटिमीटर, उचलेल. प्रयोगात तसेच दिसले. पुढे पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील पुई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली उतरला होता. वर गेल्यावर डोक्यावरची हवा कमी होते, याचा हा पुरावा होता.

आता विहिरीकडे वळू. पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो सक्शन पाइपातला दाब कमी करतो आणि पाणी ढकलण्याचे काम हवा करते. समुद्रसपाटीला हवा पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलू शकते. पाइपातील घर्षण आणि पाण्याचा बाष्पदाब यांमुळे व्यवहारात ही मर्यादा सहा-सात मीटरच धरावी लागते. ती ओलांडली तर पंपात पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात, आणि ते फुटताना पंख्याची पाती झिजतात. मोटरची अश्वशक्ती उपयोगी पडते ती पंपाच्या पुढे, पाणी वर ढकलण्यासाठी. मागच्या बाजूला राबते ती हवाच, आणि तिचा जोर विकत आणून वाढवता येत नाही.

सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी का भरावे लागते, याचेही उत्तर येथेच आहे. पाण्याला ३० मीटर चढवणारा पंप हवेने भरलेला असेल, तर तो हवेचाच ३० मीटर उंचीच्या स्तंभाएवढा दाब निर्माण करतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी असल्याने हा दाब चार सेंटिमीटर पाण्याएवढासुद्धा भरत नाही. म्हणून पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप, म्हणजे फूटवॉल, बसवतात. ती गळू लागली की पंप रोज भरावा लागतो.

खोल विहिरीसाठी उपाय एकच: यंत्र पाण्याजवळ न्यायचे. पाणबुडी पंप पाण्यातच राहतो आणि खालून वर ढकलतो. गावोगावचा इंडिया मार्क टू हातपंपही याच तत्त्वावर चालतो. १९७० च्या दशकात तो सोलापूर पंपावरून विकसित झाला. त्याचा दांडा वर हलतो, पण दट्ट्या खाली पाण्यात असतो.

वर्गात विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे, तेथील विहिरीवर पंप बसवताना मिस्त्रीने रत्नागिरीपेक्षा वेगळी कोणती काळजी घ्यावी? तेथे हवा पाण्याला सुमारे दीड मीटर कमी उचलते. हे उत्तर ज्याला स्वतःहून काढता आले, त्याला पेरिएचा प्रयोग समजला असे मानायला हरकत नाही.