आकाशातील तास कोणाच्या नावावर?

शाळेच्या हजेरीपटात मुलाच्या नावापुढे खूण पडली, की तो वर्गात होता एवढेच सिद्ध होते. तो काय शिकला, हे त्या खुणेवरून कळत नाही. वैमानिकाच्या नोंदवहीतील तासांचेही तसेच आहे. त्या तासांवर त्याची बढती ठरते आणि प्रवाशांचा भरवसाही. म्हणून तास लिहावा कसा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

१९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सुमारे साडेतेहतीस तास झोपेशी झगडत त्याने एकट्याने विमान हाकले. प्रत्येक तासाचा धनी तोच. परंतु पुढच्याच वर्षी किंग्सफर्ड स्मिथ आणि उल्म यांनी ‘सदर्न क्रॉस’ विमानातून प्रशांत महासागर ओलांडला. हवाई ते फिजी हा टप्पाच चौतीस तासांहून मोठा. दोघे आळीपाळीने विमान चालवीत. येथे एका उड्डाणाच्या तासांना दोन वाटेकरी झाले.

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना जन्मास आली. तिच्या व्याख्येनुसार विमान उड्डाणासाठी प्रथम हलते त्या क्षणापासून ते अखेर थांबते त्या क्षणापर्यंतचा सारा वेळ हा उड्डाणकाळ होय. विमानाचा काळ असा निश्चित झाला. पण आत बसलेल्या माणसांचा?

पुढे पल्ले वाढत गेले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये क्वांटास कंपनीचे बोइंग ७४७-४०० लंडनहून सिडनीला कोठेही न थांबता वीस तास नऊ मिनिटांत पोहोचले. इतका वेळ दोघांनीच जागणे शक्य नाही. बदलीचे वैमानिक आणि निजण्याच्या जागा अशा प्रवासाला आवश्यक ठरल्या. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरला आले, तेही चार महिला वैमानिकांच्या हाती. प्रवास सुमारे सतरा तासांचा. अशा प्रवासात चौघांनीही सतरा-सतरा तास अनुभव म्हणून लिहिले, तर बेरीज अडुसष्ट होईल! चालकांच्या खुर्च्या मात्र दोन. म्हणजे खुर्चीत बसून काढलेले तास चौतीसच.

यावर तोडगा असा, की एकाच प्रवासाचे तीन हिशेब वेगळे ठेवावेत. पहिला थकव्याचा. वैमानिक निजलेला असला तरी तो आकाशातच असतो, म्हणून श्रममर्यादा मोजताना सारा प्रवास धरतात. अमेरिकेत २०१४ पासून लागू झालेल्या नियमांत तीन वैमानिकांसाठी तेरा आणि चौघांसाठी सतरा तासांची मर्यादा आहे. दुसरा हिशेब अनुभवाचा. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांप्रमाणे बदलीच्या सहवैमानिकाने आपल्या खुर्चीत बसलेला वेळच सहवैमानिक म्हणून लिहावयाचा, निजण्याचा नाही. तिसरा जबाबदारीचा. विमानप्रमुख विश्रांतीस गेला तरी प्रमुखपद सुटत नाही, म्हणून सारे तास त्याला प्रमुख या नात्याने लिहिता येतात. येथे नोंद हातांची नसून उत्तरदायित्वाची असते.

श्रोतेहो, या भेदाचे मोल १ जून २००९ च्या रात्री दिसले. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचा प्रमुख विश्रांतीस गेला आणि काही मिनिटांतच वेगमापकांच्या नळ्यांत बर्फ साचून स्वयंचालक सुटला. खुर्च्यांत दोन सहवैमानिक होते; एकाच्या नावावर ६,५४७ तास, दुसऱ्याच्या २,९३६. तरीही साडेचार मिनिटांच्या आत विमान अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ जीव गेले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: एवढ्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, आणि प्रमुखाच्या गैरहजेरीत कोणाकडे काय, हे पुरेसे स्पष्ट झाले नव्हते.

तास खोटे नव्हते; पण स्वयंचालकाच्या भरवशावर गेलेला तास आणि स्वतःच्या हातांनी सावरलेला तास वहीत सारखाच दिसतो. म्हणून बदलीच्या वैमानिकाने आपण कोठे बसलो, काय केले आणि कोणत्या नात्याने केले, तेवढेच लिहावे. निजलेला तास अनुभव म्हणून लिहिणारा आधी स्वतःलाच फसवतो. त्याची किंमत मात्र मागे निर्धास्त झोपलेले प्रवासी मोजतात.