आधी प्रयोग, मग बांधणी

मुक्त आज्ञावलीचा मूळ मजकूर हाती आला, तरी ती आपल्या संगणकावर बांधता येईलच असे नाही. तिला लागणारी, दुसऱ्यांनी लिहिलेली लायब्ररी तिथे नसते किंवा निराळी असते. १९९१ च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी ग्नू प्रकल्पातील अनेक आज्ञावल्या सांभाळत होते. बांधणीआधी वापरणाऱ्यालाच सुमारे २० पर्याय निवडावे लागत. मॅकेन्झींची युक्ती प्रयोगशाळेत शोभावी अशी. संगणक कोणता, हे विचारायचेच नाही! हवे ते फंक्शन वापरणारी चिमुकली आज्ञावली लिहून लायब्ररीशी जोडून पाहायची. जोडली गेली, तर फंक्शन आहे. यातूनच पुढे ‘ऑटोकॉन्फ’ घडले.

आम्ही मात्र एकदा दोन दिवस अडलो. लायब्ररी होती, तरी उत्तर ‘नाही’! फंक्शनांची ओळख करून देणारी हेडर फाईल वेगळ्या संचात होती. तो बसवायचा राहिला होता.