प्लायवुडमधील रिबेट सांधा

रिबेट सांधा : फळीच्या कडेला पायरीसारखी खाच काढून तीत दुसरी फळी बसवण्याची सुतारकामातील पद्धत. ब्रिटिश वळणाचे कारागीर तिला रिबेट म्हणतात, अमेरिकन रॅबेट. खाच कडेला उघडी असल्यामुळे तिला तळ आणि खांदा अशा दोनच बाजू असतात. फळीच्या मधोमध काढलेली तीन बाजूंची आडवी खाच वेगळी; अमेरिकेत तिला डॅडो हे नाव आहे. कपाटाची पाठ, खणाचे कोपरे, तसबिरीची काच बसते ती जागा, हे सगळे रिबेटचेच काम.

दोन फळ्या नुसत्या टेकवून खिळे मारले तर सगळा भार खिळ्यांवर येतो. रिबेटमध्ये फळी खांद्याला अडते, सरकत नाही, आणि पूर्वी सरस लावत व आता फेविकॉल लावतात त्याला धरायला जास्त पृष्ठभाग मिळतो. प्लायवुडला हा सांधा विशेष मानवतो. त्याचे पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे पावसाळ्यात ते अखंड लाकडासारखे फुगत नाही. अखंड लाकडाची पाठ खाचेत मोकळी सोडावी लागते. प्लायची पाठ बेधडक चिकटवता येते आणि तीच कपाटाचा काटकोन धरून ठेवते.

खाचेची खोली साधारणपणे फळीच्या जाडीच्या निम्मी, फार तर दोन-तृतीयांश ठेवतात. रुंदी मात्र आत बसणाऱ्या फळीएवढी असते, आणि घोळ होतो तो इथेच. अमेरिकेत पाऊण इंची म्हणून विकले जाणारे प्लाय बहुधा २३/३२ इंच, म्हणजे सुमारे १८.३ मिलिमीटर भरते. पाऊण इंच म्हणजे १९.०५. नावावर विसंबून खाच काढली की पाऊण मिलिमीटरची फट राहते आणि ती रंगाखालीही लपत नाही. म्हणून प्रत्येक तक्ता व्हर्नियरने मोजायचा आणि त्याच तक्त्याच्या तुकड्यावर आधी खाच काढून पाहायची. या दहा मिनिटांना पर्याय नाही.

ही खाच राउटरने किंवा टेबल सॉने काढतात. राउटर म्हणजे फिरत्या बिटने लाकूड कोरणारे हातयंत्र; त्यासाठी टोकाला बेअरिंग असलेला बिट मिळतो. बेअरिंग फळीच्या कडेवरून फिरते, पाती तिच्या पलीकडचे लाकूड खाते. सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाच्या बिटला साडेनऊचे बेअरिंग असेल तर खाच पावणेतेरा मिलिमीटर रुंद निघते. मोठे बेअरिंग चढवले की ती अरुंद होते. कड सरळ असायलाच हवी, कारण तिच्यावरचा प्रत्येक खळगा खाचेत उतरतो. पूर्ण खोली एकदम न काढता तीन-तीन मिलिमीटरच्या फेऱ्यांत उतरतात. कड आपल्याकडे असताना राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलटा नेला तर बिट कडेवर चढून यंत्र पुढे पळते.

टेबल सॉवर काम दोन कापांत होते. अठराच्या फळीत नऊ खोल, अठरा रुंद खाच हवी असेल तर आधी फळी आडवी ठेवून, पाते नऊ मिलिमीटर वर काढून खांद्याचा काप घेतात. मग फळी कडेवर उभी करून, खाच नसलेली बाजू फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर असलेल्या आधारपट्टीला, टेकवून दुसरा काप घेतात. सुटणारी पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडली पाहिजे. ती पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकली तर बाणासारखी मागे, थेट चालवणाऱ्याकडे येते. उभ्या कापासाठी उंच फेन्स आणि ढकलकाठी लागतेच. अमेरिकन कार्यशाळांत बाहेरची दोन पाती आणि मधले कटर एकत्र लावून ही खाच एकाच फेरीत काढतात. युरोपातील बहुतेक यंत्रांचा दांडा त्या संचासाठी पुरेसा लांब नसतो.

दोन्ही यंत्रांचा त्रास सारखाच : वरचा व्हिनियर उचकटतो. आडव्या तंतूंवरून पाते गेले की कडेला बारीक कुसळे उभी राहतात आणि पापुद्रा निघून खालचा गडद थर उघडा पडतो. खांद्याच्या रेषेवर धारदार कटरने आधी चीर पाडली, की तंतू तिथेच तुटतात आणि कड स्वच्छ निघते. थरांमधला वाळलेला गोंद साध्या पोलादाची धार लवकर मारतो, म्हणून कार्बाइडची पाती वापरतात. धूळही बारीक आणि गोंदमिश्रित असते, मास्क आवश्यक.

सांगाडा जोडल्यावर आतून राउटर फिरवला तर चारही कोपरे गोल राहतात. ते पटाशीने काटकोनात आणतात किंवा पाठीच्या फळीचेच कोपरे तेवढे गोल करतात.