सिरियल केबलवरून कर्नलचे डीबगिंग

12. ‘सिरियल केबल लावून कर्नल तपासला’ : कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तोच थांबवला की त्या संगणकावर डीबगरही चालू शकत नाही. म्हणून डीबगर दुसऱ्या संगणकावर चालवतात आणि दोन्ही संगणक सिरियल केबलने जोडतात. या केबलमध्ये एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेला जोडलेली असते. सिरियल पोर्ट निवडण्याचे कारण असे, की इंटरप्ट बंद असतानाही त्यावरून एकेक बाइट पाठवता-घेता येतो. निरोप अगदी छोटे असतात. रजिस्टरांतले आकडे हवे असतील तर ‘$’, पुढे रोमन ‘जी’, मग ‘#’ आणि पडताळणीची बेरीज 67. निरोप धड पोचला की पलीकडून ‘+’ येतो. लिनक्समध्ये ही सोय ‘केजीडीबी’ देते. मूळ लिनक्समध्ये ती 2008 साली, 2.6.26 या आवृत्तीत आली. त्याआधी अनेक वर्षे ती वेगळा पॅच म्हणून सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीचे अमित काळे प्रमुख होते. कर्नलच्या संबंधित फाइलीच्या माथ्यावर त्यांचे नाव आहे. मराठी वाचकाने ते आवर्जून लक्षात ठेवावे. (संपा.)