सांध्यांचा इतिहास : पॅनोरामा छायाचित्रण, वादळ आणि सातारा-सांगलीचा भूप्रदेश

प्रस्तावना :

छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. दप्तरातील कागदाप्रमाणेच छायाचित्राचीही अंतर्बाह्य चिकित्सा करावी लागते. अनेक छायाचित्रे एकमेकांना जोडून सिद्ध केलेल्या पॅनोरामाच्या बाबतीत मात्र ही चिकित्सा आणखी एक पाऊल पुढे न्यावी लागते. साध्या छायाचित्रात एक क्षण असतो, तर जोडलेल्या पॅनोरामात अनेक क्षण शेजारी शेजारी बसविलेले असतात. डोंगर स्थिर असल्यामुळे हा भेद झाकला जातो. वादळ चल असल्यामुळे तो उघड होतो. प्रस्तुत निबंधात पॅनोरामा छायाचित्रणाच्या वाटचालीचा मागोवा घेऊन सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचे साधनमूल्य तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

भूप्रदेशाची पार्श्वभूमी :

सातारा आणि सांगली हे जिल्हे प्रशासनाच्या दृष्टीने आज वेगळे असले तरी त्यांचा भूगोल व इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पूर्वीच्या औंध संस्थानातील औंध आज साताऱ्यात, तर आटपाडी व कुंडल सांगलीत मोडतात. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा कराड येथे कोयनेस आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेस भेटते. म्हणजेच घाटमाथ्यावरील पावसाचा परिणाम सांगलीच्या घाटावर दिसतो.

पर्जन्यमानातील तफावतही लक्षणीय आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. छायाचित्रणाच्या दृष्टीने येथे एक विरोधाभास आढळतो. पावसाळ्यात महाबळेश्वरचे पठारच ढगात बुडालेले असते. त्यामुळे तेथे वादळ अनुभवता येते, पण पाहता येत नाही. याउलट पूर्वेकडील उघड्या माळावरून वळिवाचा मेघ पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. असा गडगडाटी मेघ १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत वाढू शकतो आणि जवळ येताच क्षितिजाचा मोठा भाग व्यापतो. नेहमीच्या भिंगात तो मावत नाही. म्हणूनच छायाचित्रकाराला पॅनोरामाचा आश्रय घ्यावा लागतो.

आकाश आणि जमीन यांचा सांधा :

‘पॅनोरामा’ ही कल्पना छायाचित्रणाहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये वर्तुळाकार चित्रपटाचे एकस्व घेतले. १८०० मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट कर पोर्टर याने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचा भव्य चित्रपट प्रदर्शित केला. विस्तीर्ण दृश्य आणि साम्राज्याचा विजय यांचे नाते असे आरंभापासूनचे आहे. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो याने उद्ध्वस्त लखनौची अनेक छायाचित्रे जोडून केलेले पॅनोरामा याच परंपरेतील होत.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित नामवंत छायाचित्रकार होते. त्या काळात प्रचारात येत असलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीचा शोध फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केला होता. या पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन जागेवरच ते धुवावे लागे. त्यामुळे अंधाऱ्या तंबूसह सर्व सरंजाम डोंगरावर न्यावा लागत असे. शिवाय तत्कालीन रसायने निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील होती. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई आणि ढग नाहीसे होत. यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह एकत्र छापल्या. तात्पर्य, ढगांचे प्रभावी छायाचित्र हे आरंभीच्या काळात पुष्कळदा जोडचित्रच होते.

तंजावरचे उदाहरण :

मराठी वाचकास जवळचे वाटेल असे एक उदाहरण तंजावरचे आहे. १८५५ मध्ये तेथील भोसले राज्य खालसा झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप याने बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील तमिळ शिलालेखांची छायाचित्रे घेतली आणि २१ छायाचित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट तयार केला. कॅमेरा एका जागी फिरविण्याऐवजी तो भिंतीच्या कडेने पुढे सरकवीत नेल्यामुळे लेखाचा मजकूर सलग वाचता येण्याची सोय झाली. याच ट्राइपने काही निगेटिव्हवर रंग लावून आकाशात ढगही रंगविले होते. एकाच व्यक्तीच्या कामात पुरावा म्हणून केलेली जोड आणि शोभेसाठी केलेली भर अशा दोन्ही गोष्टी आढळतात. या जुन्या पटांतील कागदाचे सांधे डोळ्यांना दिसतात, हा त्यांचा मोठा गुण होय. चित्र कोठे तुटले व कोठे जुळले, हे अभ्यासकास कळते.

पुढे १९०४ च्या सुमारास आलेल्या सर्किट कॅमेऱ्यात कॅमेरा फिरत असे व फिल्म आत सरकत असे. सांधा नाहीसा झाला, परंतु काळाचा भेद राहिलाच. लांबलचक समूहचित्रात एखादा चपळ मुलगा मागून धावत जाऊन दोन्ही टोकांना उमटे, तो यामुळेच.

संगणकीय जोड आणि वादळाची अडचण :

१९९० च्या दशकात संगणकाने ही जोडणी हाती घेतली. १९९८ मध्ये हेल्मुट डेर्श यांनी ‘पॅनोरामा टूल्स’ ही आज्ञावली उपलब्ध करून दिली. डेव्हिड लोवे यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे दोन चित्रांतील समान खुणा संगणकाला आपोआप ओळखता येऊ लागल्या. शेजारच्या चित्रांत साधारण एक-तृतीयांश भाग सामाईक ठेवावा, प्रकाशमान बदलू नये आणि कॅमेरा भिंगाच्या योग्य बिंदूभोवतीच फिरवावा, हे या कामाचे मुख्य नियम होत. ते पाळले की अजिंक्यताऱ्यावरून दिसणारे सातारा शहर किंवा विल्सन पॉइंटवरून दिसणाऱ्या डोंगररांगा निर्दोष जुळतात.

वादळाच्या बाबतीत मात्र हे नियम अपुरे पडतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारा मेघ ३० सेकंदांत ३०० मीटरहून अधिक अंतर कापतो. मेघ ज्या दिशेने जातो त्याच दिशेने कॅमेरा फिरविल्यास ढग ताणल्यासारखा दिसतो. उलट दिशेने फिरविल्यास तो आखडतो. वीज एकाच चित्रात असते, पण संपूर्ण पटावर ती त्याच क्षणी चमकल्याचा भास होतो. पट दंडगोलावर उलगडल्यामुळे माळावरचा सरळ रस्ताही धनुष्याकृती होतो. संगणक हे सर्व सांधे इतक्या सफाईने बुजवितो की पाहणाऱ्यास एकच अखंड क्षण पाहिल्यासारखे वाटते. ट्राइपच्या पटात दिसणारा सांधा येथे लपतो, आणि त्याचबरोबर अभ्यासकाचा आधारही लपतो.

पूर, पठारे आणि पुरावा :

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १९२९ साली बांधलेल्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ व २०२१ मध्येही महापूर आले. अशा प्रसंगी पाणी कोठवर आले, यावर पंचनामे, नुकसानभरपाई आणि पूररेषा अवलंबून असतात. सकाळी व सायंकाळी घेतलेली चित्रे एकत्र जोडल्यास पाण्याची जी कड दिसेल, ती कोणत्याही एका वेळी प्रत्यक्षात अस्तित्वात नसेल. उद्या अशा चित्राचा आधार घेऊन कोणी पुराचा इतिहास लिहिला, तर तो दिसायला सचित्र असूनही चुकीचा ठरेल.

दुसऱ्या बाजूला पॅनोरामाचे सामर्थ्यही मान्य केले पाहिजे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले कास पठार, किंवा पवनचक्क्यांमुळे क्षितिजच बदलून गेलेले चाळकेवाडी पठार, यांच्यातील स्थित्यंतर एका चौकटीत पकडता येत नाही. ठरावीक जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेले विस्तीर्ण पट हे काम अधिक चांगल्या रीतीने करू शकतात.

निष्कर्ष :

१. पॅनोरामा हे एका क्षणाचे चित्र नसून अनेक क्षणांची रचना आहे; त्याचे वाचन सांध्यांपासून सुरू व्हावे.

२. स्थिर भूप्रदेशाच्या बाबतीत जोडचित्र विश्वसनीय ठरू शकते. वादळ व पूर यांच्या बाबतीत प्रत्येक चित्राची वेळ नोंदविली नसल्यास त्याचे पुराव्याचे मूल्य कमी होते.

३. जोडलेल्या पटाबरोबर मूळ सुटी चित्रे, स्थान, दिशा, वेळ आणि जोडणीची पद्धत यांची नोंद जतन करणे आवश्यक आहे. मूळ चित्रे नष्ट करून केवळ पट राखणे म्हणजे मूळ पत्रे जाळून त्यांचा गोषवारा ठेवण्यासारखे आहे.

४. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी अजिंक्यतारा, कास, दंडोबाचा डोंगर, आयर्विन पूल अशी स्थाने निश्चित करून दरवर्षी मे व ऑगस्ट महिन्यांत अशा नोंदी केल्यास पुढील पिढीच्या संशोधकांना कृष्णाकाठाचे एक विश्वासार्ह दृश्य दप्तर उपलब्ध होईल. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नोंदवहीतील शिस्त मात्र हवी.